ग्राफिक्स कार्डाची पारख

हाळी-हंडरगुळीच्या बाजारांत देवणी बैल घेणारा शेतकरी दांत पाहतो, खांदा चांचपतो, चालवून पाहतो आणि मगच किमतीचा शब्द काढतो. त्याच घरांतला मुलगा संगणकासाठीं ग्राफिक्स कार्ड घ्यावयास निघाला म्हणजे मात्र खोक्यावरील वेगाच्या आंकड्यावर भाळतो, आणि घरीं आणून तो आणखी वाढवितां येईल या आशेनें पैसे मोजतो. वेग असा हातानें वाढविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

ही आशा एके काळीं अगदींच पोकळ नव्हती. 2010 सालीं निघालेल्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स 460 कार्डाचा नेमलेला वेग 675 मेगाहर्ट्झ होता. हौशी लोक तो 800 च्या पुढें नेत आणि मधल्या किमतींत वरच्या दर्जाचें काम काढीत. परंतु 2012 सालीं जीटीएक्स 680 बरोबर, उष्णता व वीज यांचा अंदाज घेऊन कार्डानें आपला वेग आपणच चढवावा, अशी योजना आली. पूर्वी गिऱ्हाइकाच्या हातीं उरणारी शिल्लक तेव्हांपासून कारखानदारच खर्चूं लागला. आतां हातानें वेग वाढविला तरी बहुधा शेंकडा पांच-दहाच पदरांत पडतात.

निलंग्याच्या उन्हाळ्यांत तेवढेहि पडतील कीं नाहीं, ही शंकाच आहे. तेथें असें कार्ड खेळासाठीं लागतें, तसेंच लग्नाच्या चित्रफिती जुळविणाऱ्यांसहि लागतें; आणि त्यांचा हंगाम नेमका पारा 40 अंश ओलांडतो तेव्हांचा. खोली 25 अंश असतां 70 वर स्थिरावणारें कार्ड त्याच भाराखालीं 42 अंशांच्या खोलींत 87 च्या आसपास जातें आणि स्वसंरक्षणार्थ वेग उतरवितें. वाढविलेला वेग असा परत जातो. शिवाय रात्रभर चाललेलें काम मध्येंच कोसळलें तर ठरल्या दिवशीं चित्रफीत द्यावयाची कशी?

म्हणून येथें उलट मार्ग धरावा: वेग आहे तसा राखून व्होल्टेज उतरवावें. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत चालतो. व्होल्टेज शेंकडा 10 उतरलें तर चिपचा खप सुमारें 19 नें उतरतो.

आतां तीन कार्डें, त्यांच्या निघते वेळच्या अमेरिकन किमतींसह. इंटेलचें आर्क बी580 (2024) 249 डॉलर, स्मृति 12 गिगाबाइट, खप 190 वॅट. एनव्हिडियाचें आरटीएक्स 5060 (2025) 299 डॉलर, 8 गिगाबाइट, 145 वॅट. एएमडीचें आरएक्स 9060 एक्सटी (2025), 16 गिगाबाइटचें, 349 डॉलर, 160 वॅट. दर गिगाबाइटास हिशेब पडतो तो सुमारें 21, 37 आणि 22 डॉलर. इंटेलचें स्वस्त खरें. पण ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसलेल्या जुन्या संगणकांत तें फार मंदावतें, आणि तालुक्याच्या गांवीं संगणक जुनाच असावयाचा. ब्लेंडरसारख्या कामांत एनव्हिडियाचा वरचष्मा आहे. तथापि मोठ्या चित्रफितींस 8 गिगाबाइट लवकर अपुरे पडतात. धंद्यासाठीं, थोडे अधिक मोजून, एएमडीचें सोळा गिगाबाइटचें कार्डच घ्यावें.

घेतल्यावर व्होल्टेज थोडें थोडें उतरवावें, व दर पायरीस चांचणी घ्यावी. शेवटची चांचणी मे महिन्यांत, दुपारीं दोनच्या सुमारास, खोलीचें दार नेहमीप्रमाणें ठेवून, निदान अर्धा तास चालवावी.