हजेरी घेणारे आजोबा

(आजोबांच्या स्मृतिदिनी संस्थेच्या सभागृहात दिलेले भाषण)



आजोबांच्या स्मृतिदिनी आम्हा नातवंडांना चार शब्द बोलण्याची संधी संस्थेने दिली, याबद्दल आम्ही आभारी आहोत. आजोबा पुढारी नव्हते, वक्ते नव्हते. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले ते साधे पेन्शनर होते. पण आमच्या घरात आज जी काही अक्षरे नांदतात ती त्यांच्या पेन्शनीतून आली, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. तरीही पुढे १८९० नंतरच्या काळात इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. भरती बंद होणे म्हणजे केवळ पगार बंद होणे नव्हते. पलटणीत शाळा असत. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी घेऊन उभे राहिले. आपल्या समाजातील पहिली शिकलेली पिढी अशा पेन्शनरांच्या घरांतून आली. म्हणून भरतीचे दार बंद झाले तेव्हा शाळेचेही एक दार बंद झाले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठीला उभी राहिली.

त्या कामठीला १९४२ साली आमचे आजोबा गावाहून पायी चालत गेले. वय अठरा, पायात वहाण नाही आणि शिक्षण शून्य. अक्षरओळख त्यांना पलटणीत झाली. त्या काळी जवानांना रोमन लिपीत हिंदुस्तानी शिकवीत. त्यामुळे आजोबांना आपले नाव आधी इंग्रजी अक्षरांत लिहिता आले. मराठी अक्षरे ते पुढे आमच्याबरोबर शिकले, ते सांगूच.

लढाईच्या गोष्टी ते सांगत नसत. फक्त एक आठवण त्यांनी आम्हाला सांगितली. १९४७ मध्ये महार पलटणी पंजाबात निर्वासितांच्या बंदोबस्तावर होत्या. मैलोन् मैल माणसे चालत होती. एका म्हातारीला आजोबांनी आपल्या बाटलीतले पाणी पाजले. तिने जात विचारली नाही, डोक्यावर हात ठेवला. पुढे सुटीवर गावी आले तेव्हा अंगावर सरकारी वर्दी होती आणि गावच्या विहिरीवर मात्र त्यांना हटकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा वीस वर्षे होऊन गेली होती. आजोबा भांडले नाहीत. आजीला एवढेच म्हणाले, "पोरं या गावात वाढवायची नाहीत."

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजोबा सागरच्या केंद्रात ड्युटीवर होते. आजी मात्र कडेवर एक आणि बोटाला एक मूल घेऊन नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. आजोबा गमतीने म्हणत, "धम्मात तुमची आजी मला सीनिअर आहे." १९५७ मध्ये पंधरा वर्षांची नोकरी करून ते घरी आले, नागपुरात खोली घेतली आणि एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागले. तेथून अठ्ठावन्नाव्या वर्षी सुटले आणि तेव्हापासून पूर्णवेळ आजोबा झाले.

रोज संध्याकाळी सात वाजता आमची हजेरी होई. आम्ही अकरा नातवंडे ओळीने उभे राहायचो. नखे, पाटी-दप्तर, आज शाळेत काय शिकवले, सगळे तपासले जाई. ओळीत उंचीप्रमाणे उभे राहायचे, मुलगा आधी आणि मुलगी नंतर असे नाही. आमच्या मोठ्या ताईचे शिक्षण सातवीनंतर थांबवण्याचे घरात ठरत होते. आजोबा म्हणाले, "हजेरीपटावरून नाव मी कमी करणार नाही. फी माझ्या पेन्शनीतून." ताई पुढे शिक्षिका झाली.

धाकटा पहिलीत गेला तेव्हा आजोबा त्याच्या शेजारी बसून बालभारतीचे पुस्तक गिरवू लागले. नातू चुका काढी, आजोबा निमूटपणे दुरुस्त करीत. साठी ओलांडलेला माणूस सहा वर्षांच्या पोराकडून शिकतो, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आम्हाला वाटते, त्यांचे खरे शौर्य हेच होते.

पेन्शनच्या दिवशी ते एका नातवंडाला पाळीपाळीने सोबत नेत. फॉर्म आम्ही भरायचा, रक्कम अक्षरांत लिहायची, पैसे दोनदा मोजायचे. आज आम्ही बँकेच्या काउंटरमागे बसतो, त्याची शिकवणी तेथे झाली.

त्याच काउंटरवरून दिसणारी एक गोष्ट आज मुद्दाम सांगायची आहे. माजी सैनिक वारतो आणि त्याची पत्नी कुटुंबनिवृत्तीवेतनासाठी येते. पलटणीच्या कागदावर नाव एक, आधारकार्डावर दुसरे, जन्मतारीख तिसरीच. ती माउली महिनोन् महिने खेटे घालते. आमच्या आजीवर ही वेळ आली नाही. आजोबांनी हयातीतच तिचे नाव नोंदीत दुरुस्त करून घेतले होते. २००३ मध्ये ते गेले तेव्हा पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि आजीचा फोटो एकाच कापडात बांधलेला मिळाला. नातवंडांप्रमाणेच आजीचीही हजेरी त्यांनी लावून ठेवली होती.

म्हणून सभासदांना विनंती आहे. आपल्या घरी किंवा शेजारी माजी सैनिक असतील तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते पाहा. आता संरक्षण खात्याची पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून मिळते, तिच्यातील नोंदही तपासा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. वर्षातून एकदा हयातीचा दाखला देण्यासाठी त्यांना एकटे पाठवू नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमचे काम याहून सोपे आहे. एक वही घ्या. आजोबांचा सैनिक क्रमांक, पलटण, भरतीचे साल, कोठे कोठे राहिले, आजीने घर कसे चालवले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा. स्तंभावर फार थोड्यांची नावे कोरली जातात. बाकीच्यांची हजेरी नातवंडांनीच लावायची असते.

जय भीम! नमो बुद्धाय!