कारखान्यांतील टाकाऊ माल आणि त्याचें मोल

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, अशी एक म्हण मराठींत आहे. म्हण करणाऱ्याच्या डोळ्यांपुढें दैवाचा फेरा असेल; परंतु उकिरड्यावर पडलेल्या वस्तूचें नशीब पालटतें तें काळाच्या गतीनें नव्हे, माणसाच्या हातानें. जी वस्तु वेगळी ठेवली तिला गिऱ्हाईक मिळतें. जी दुसऱ्या दहा वस्तूंत कालवली गेली ती कोणाच्याच उपयोगाची राहत नाहीं. कारखाने आणि बाजारपेठा यांतून निघणाऱ्या टाकाऊ मालाचा बहुतेक प्रश्न या एका भेदांत सांठविलेला आहे. त्याचीं उदाहरणें पाहण्यास मुंबई-पुण्याकडे जावयास नको. वऱ्हाडांतील वाशीम जिल्हा त्यास पुरेसा आहे.

1 जुलै 1998 रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा निघालेला हा जिल्हा मोठमोठ्या यंत्रशाळांचा नव्हे. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाहि तालुक्यांत शेती हाच मुख्य व्यवसाय. सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस हीं येथील प्रमुख पिकें. या पिकांच्या पाठीवरच येथील कारखानदारी उभी आहे. कारंजा ही कापसाची जुनी पेठ. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची आगगाडी, जिला लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत, ती कापूस वाहण्यासाठींच या गांवावरून नेण्यांत आली होती. ती गाडी आतां बंद पडली आहे. परंतु कापसानें शिकविलेला धडा अजून संपलेला नाहीं.

शंभर किलो कापूस जिनिंगमध्यें गेला म्हणजे त्यांतून रुई निघते ती सुमारें 33 ते 35 किलो. उरलेलें बहुतेक वजन सरकीचें. अमेरिकेंत एली व्हिटनी यानें 1793 सालीं सरकी वेगळी करण्याचें यंत्र केलें, आणि पुढें कित्येक दशकें तेथें सरकीचे ढीग कुजत पडत किंवा नद्यांत लोटले जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिचें तेल काढण्याचा धंदा वाढला, आणि कालची अडगळ उत्पन्नाचा विषय झाली. वऱ्हाडी शेतकऱ्यानें सरकी कधीं फेकली नाहीं. बैलाला आणि दुभत्या जनावराला तो ती चारीत आला. तरी सरकीचें सगळें मोल येथेंहि पदरांत पडतें असें नव्हे. तिच्या अंगावर आंखूड तंतूंची लव असते, त्याखालीं टरफल आणि आंत तेलकट गर. लव न काढतां अखंड सरकी घाण्यांत दाबली म्हणजे कांहीं तेल ढेपेंत अडकून राहतें, आणि लव व टरफल दोन्ही ढेपेबरोबर गोठ्यांत जातात. लव आधीं काढून घेतली तर तिचा उपयोग कागद, औषधी कापूस आणि रसायनांचे कारखाने यांस होतो. सरकी एकच; परंतु तिचे भाग क्रमानें वेगळे केले तर चार वस्तु, न केले तर दोन.

डाळीच्या गिरणीची गोष्ट याहून बोलकी आहे. तुरीच्या दाण्यांत डाळीचा अंश 85 टक्क्यांच्या आसपास असतो. पण गिरणींतून सामान्यतः 70 ते 75 टक्केच डाळ हातीं येते. मधली तूट चुणी आणि पीठ होऊन बाहेर पडते. चुणी व टरफल हीं जनावरांचें उत्तम खाद्य खरें. परंतु माणसाच्या ताटांतील घांस गव्हाणींत जावा, हा कांहीं मोठा लाभ नव्हे. म्हणून टाकाऊ मालाचा सदुपयोग करण्याची पहिली पायरी म्हणजे तो कमी निघेल असें करणें. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें खेड्यांत चालवितां येईल अशी लहान डाळगिरणी तयार केली, तिचें महत्त्व येथें आहे.

आतां याच गिरणींतील दुसरें दृश्य पाहावें. यंत्रांतून काढलेलें जळकें ऑईल जमिनीवर सांडलें आहे, शेजारीं चुणी पडली आहे, आणि संध्याकाळीं एकाच झाडूनें दोन्ही लोटलीं जात आहेत. वेगळी असती तर चुणी गाईच्या पोटांत गेली असती, आणि तें ऑईल योग्य कारखान्यांत शुद्ध होऊन पुन्हा वंगण झालें असतें. एकत्र झाल्यावर चुणी विष झाली आणि ऑईल मातींत गेलें. कायद्यानें अशा ऑईलची गणना घातक पदार्थांत केली आहे; परंतु कायद्याचा शिपाई प्रत्येक झाडूमागें उभा राहूं शकत नाहीं.

मिसळण्याचा दंड कापसासहि भोगावा लागतो. कापूस वेंचून प्लॅस्टिकच्या गोणींत भरला कीं गोणीचे सुटे धागे त्यांत जातात. ते जिनिंगमध्यें तुटून बारीक होतात, सुतांत शिरतात, आणि रंग न घेतां कापडावर डागासारखे उमटतात. केंद्र सरकारनें 2000 सालीं कापसासाठीं जी तंत्रज्ञान मोहीम काढली, तिच्या हेतूंत जिनिंगची व बाजार-आवारांची सुधारणा करून कापसांतील कचरा कमी करणें हेंहि होतें. फाटकी गोणी हा क्षुल्लक कचरा; परंतु ती जागच्या जागीं वेगळी न ठेविल्यानें चांगल्या मालाचा भाव पडतो, आणि त्या पडत्या भावाचा भार अखेर वेंचणी करून दमलेल्या शेतकऱ्यावर येतो.

बाजारपेठेचा न्याय निराळा नाहीं. दुकानांतून निघणारे पुठ्ठे, बारदाना, तेलाचे डबे, प्लॅस्टिक आणि सडकी भाजी हीं सकाळीं वेगवेगळीं असतात. दुपारपर्यंत त्यांचा एक ढीग होतो. कोरड्या पुठ्ठ्याचा पुन्हा कागद होतो, भिजलेल्या व चिकट पुठ्ठ्यास भंगारवालाहि हात लावीत नाहीं. 2016 सालीं केंद्र सरकारनें घनकचऱ्यासंबंधीं नियम केले. त्यांनीं कचरा निघतो तेथेंच त्याचें वर्गीकरण आवश्यक ठरविलें, आणि दिवसास सरासरी शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांवर विशेष जबाबदारी घातली.

यावर लहान गिरणीवाल्याचा आक्षेप ठरलेला असतो : माल थोडा, त्यासाठीं गिऱ्हाईक कोण येणार ? आक्षेप खोटा नाहीं. एका गिरणीचें जळकें ऑईल एका डब्यापुरतें, एका दुकानाचे पुठ्ठे एका ओझ्यापुरते. परंतु दहा गिरण्या आणि पन्नास दुकानें यांचा माल बाजार-आवारांतील एका कोरड्या, छप्पर असलेल्या जागेंत जमला तर तोच गाडीभर होतो, आणि गाडीभर मालास गिऱ्हाईक दुरूनहि येतें. जो शेतकरी आपला कापूस एका आवारांत आणून विकतो, त्याच्या जिल्ह्यास ही युक्ति नवी वाटूं नये. मात्र त्या जागीं निवडण्याचें काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांस हातमोजे, पिण्याचें पाणी आणि नियमित मजुरी मिळालीच पाहिजे; एरव्हीं एकाची काटकसर ती दुसऱ्याचा रोग होईल.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांस हा विषय दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्या स्वयंपाकघरांतील डाळ, अंगावरील कापड आणि दुधाच्या भांड्यांतील दूध हीं याच साखळीच्या टोकाशीं आहेत. चुणींत ऑईल मिसळलें तर तें गाय खाते आणि दूध घरांत येतें. सरकी, चुणी, बारदाना यांस आपापली जागा आहे. ती जागा सुटली म्हणजेच त्यांचा कचरा होतो. गिरणीच्या दारांत तीन निरनिराळे पिंप ठेवण्यास मोठें भांडवल लागत नाहीं. लागते ती रोजची शिस्त, आणि ती लागली तर उकिरड्याची दैना फिटण्यास बारा वर्षें थांबावें लागणार नाहीं.