वाकायचं कोणी?

(महिला शिबिरात केलेलं भाषण)



ख्रिस्ती जीवनातल्या नम्रतेवर बोला, असं मला सांगण्यात आलं. बाईला नम्रता काय शिकवायची? मी ख्रिस्ती घरात वाढले. आमच्या चर्चमध्ये झाडलोट, फुलं, सणाचा स्वयंपाक बायकांकडे आणि कमिटीच्या खुर्च्या पुरुषांकडे. कुणी बोललीच, तर उत्तर ठरलेलं: येशूनेसुद्धा शिष्यांचे पाय धुतले, मग तुम्हाला कसला कमीपणा?

ती गोष्ट नीट वाचू या. योहानाच्या शुभवर्तमानात, १३ व्या अध्यायात ती आहे. पाय धुणं हे त्या काळी नोकराचं काम. इथे ते करतो गुरू. पेत्राला ते सहन होत नाही, तो आधी नकार देतो. म्हणजे इथे वाकतो तो वरचा. जी आधीच वाकलेली आहे तिला ‘आणखी वाक’ म्हणणं ही नम्रतेची शिकवण नव्हे, ती सक्ती आहे.

पंडिता रमाबाईंना हा फरक नेमका कळला होता. लंडनच्या फुलम भागात ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या सिस्टर्स त्यांनी पाहिल्या आणि त्यांचं मन हललं. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण चर्चचे वरिष्ठ हुकूम सोडू लागले तेव्हा रमाबाईंनी पत्रातून स्पष्ट बजावलं, की एका पुरोहितवर्गाचं जोखड झुगारल्यावर दुसरं मानेवर घेणार नाही. सेवेपुढे नम्र, सत्तेपुढे नाही!

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आली. केडगावच्या ‘मुक्ती’त त्या शिकल्या, शेती करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल आणलं. त्याचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच बायकांनी.

याला मी उदाहरण घालून देणं म्हणते. आपलं ज्ञान खाली उतरवायचं आणि दुसरीला वर यायला जागा करायची.

उदाहरणाने नियमही बदलतात. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी होतो. नियमाप्रमाणे तो फक्त पुरुषांसाठी होता. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात १२ जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. आधी कृती झाली, नियम बदलला २०१६ साली.

आता आपल्याकडे बघू. सभा संपल्यावर सतरंज्या कोण उचलतं? माईक कोणाच्या हातात असतो? पहिल्यांदा आलेली बाई बोलायला उठते तेव्हा तिचं वाक्य पूर्ण होईपर्यंत आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्या गप्प बसतात का? नम्रतेची परीक्षा तिची नाही, आपली आहे. आजच्या चर्चेची सुरुवात अजून एकदाही न बोललेल्या मैत्रिणीने करावी, अशी माझी विनंती आहे.