शतावरी : परसातली आणि कुंडीतली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. मला पाककृती वाचता येतात, सभेत बोलता येत नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या भिंतीवरच्या त्या वेलाबद्दल बोला की!" म्हणून आज त्या वेलाबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल चार शब्द सांगते.

काही वर्षांपूर्वी माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमच्या ओसरीत तेव्हा एक कुंडी होती. बारीक, पिसासारखी, हिरवीगार पाने. विकणाऱ्याने ती शतावरी म्हणून दिली आणि मीही शतावरी म्हणूनच चार जणींना तिची रोपे वाटली. बाळ झाले. दुसरा दिवस उजाडला तरी लेकीला दूध म्हणावे तसे येईना. बाळ रडे, तिच्याही डोळ्यांना पाणी. मी मात्र धीर देण्याऐवजी बोलून गेले, "आमच्या वेळी असं नव्हतं हो." तिने तोंड भिंतीकडे फिरवले. ते अजून माझ्या मनात सलते.

मग मी ती कुंडी उपटली. खाली मुळांचा जुडगा होताच. तो धुऊन वैद्यबुवांकडे नेला. त्यांनी मुळी हातात फिरवली आणि म्हणाले, "बाई, ही पुष्पगुच्छातली हिरवी झालर. औषधाची शतावरी नव्हे. हे बाळंतिणीच्या पोटात घालू नका."

आपले गाव जंक्शनचे. येथे माणसे गाडी बदलतात. तशी झाडांचीही नावे बदलत असावीत! खरी गोष्ट अशी की, कुळ एक पण झाडे निराळी. लग्नातल्या गुच्छात पसरट, थरावर थर असलेली नाजूक डहाळी असते ती अॅस्परॅगस सेटेसियस; मूळची आफ्रिकेतली. टांगत्या कुंडीतून खाली लोंबणारी, लाल फळे धरणारी दुसरी जातही तिकडचीच. परदेशात ज्याचे कोंब भाजी म्हणून खातात तो अॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस. आणि आपली औषधाची शतावरी म्हणजे अॅस्परॅगस रेसिमोसस. ती आपल्याच रानातली. सह्याद्रीकडे पावसाच्या आरंभी तिचेही कोवळे कोंब भाजीसाठी काढतात. कुंडीतल्या शोभेच्या झाडांची लाल फळे मुलांच्या हाती लागू देऊ नका. खाल्ली तर पोट बिघडते.

वैद्यबुवांनी खूण सांगितली ती लक्षात ठेवा. खरी शतावरी काटेरी वेल आहे. काटे मागे वळलेले, पदर अडकला की सुटता सुटत नाही. आपण जिला पाने म्हणतो त्या हिरव्या सुया मुळी पाने नव्हेतच, त्या बारीक फांद्या आहेत. खरे पान झिजून खवला किंवा काटा झाला आहे. पाणी उडून जाऊ नये म्हणून ही काटकसर, आणि जमिनीखाली दोन्ही टोकांना निमुळत्या, पांढुरक्या मुळ्यांचा घोस, तो पाण्याचा साठा. शंभर मुळ्यांची म्हणून शतावरी. आपल्या माढा तालुक्यातल्या गृहिणीसारखेच हे झाड. वरून काटकसर, आत साठवण.

त्या वर्षी मी खरे रोप मिळवले आणि परसात लावले. माया जास्त झाली! काळ्या जमिनीत खड्डा केला, रोज बादलीभर पाणी घातले. पावसाळ्यात पाणी साचले आणि मुळे कुजली. दुसऱ्या खेपेस शहाणी झाले. भिंतीकडेला वीतभर उंच वाफा केला, त्यात निम्मी माती, बाकी वाळू आणि कुजलेले शेणखत घातले. बी कठीण कवचाचे असते, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मृगाच्या सुमारास पेरले. उगवायला तीन-चार आठवडे लागतात आणि सगळे बी उगवत नाही, तेव्हा घाई करू नये. रोपे वीतभर झाली की दोन-दोन फुटांवर लावावी, वर चढायला काठी किंवा तार द्यावी. पाणी माती सुकल्यावरच. उन्हाळ्यात वेल सुकल्यासारखा झाला तरी उपटू नका; पाऊस पडला की बुडातून नवे कोंब येतात.

दुसऱ्या वर्षी भाद्रपद सरता सरता एका सकाळी दार उघडले तो गोड वास आला. वेलावर मोत्याच्या दाण्याएवढी पांढरी फुले, इतकी की हिरवा रंग झाकून गेला. जवळ जाऊन पाहिले तर प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या, आत सहा केसर. आणि मधमाश्यांची ही गर्दी! बहर फार दिवस टिकत नाही. मग हिरवी फळे धरतात, ती लाल होतात आणि आत गोल काळे बी मिळते.

मुळ्या काढायच्या तर दीड-दोन वर्षे तरी थांबावे, आणि थंडीत वेल पिवळा पडू लागला की काढाव्या. बुडाचा कोंबांचा गड्डा पुन्हा मातीत लावावा म्हणजे वेल जगतो. मुळ्या जरा उकळून वरची साल आणि आतला चिवट दोरा काढून टाकावा, मग वाळवाव्या. बाजारात मागणी आहे म्हणून रानातली शतावरी मुळासकट ओरबाडली जाते. आपल्या परसात एक वेल लावला तर रानातला एक वाचेल.

आता शेवटची आणि खरी गोष्ट. आयुर्वेदाने शतावरी थंड, बळ देणारी आणि दूध वाढवणारी मानली आहे. वेलची-साखर घातलेला शतावरी कल्प आपण दुधातून देतोच. नव्या अभ्यासांतून मात्र अजून एकमुखी निर्णय निघालेला नाही. म्हणून वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारूनच द्यावी. माझ्या लेकीला त्या वेळी शतावरीने नव्हे, दवाखान्यातल्या सिस्टरने तारले. तिने बाळ नीट अंगावर कसे घ्यावे ते दाखवले आणि म्हणाली, "पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, थोडाच येतो, आणि बाळाला तेवढाच पुरतो. बाळ जितके वेळा ओढेल तितके दूध वाढेल. आजी, तुम्ही हिला फक्त जेवू द्या, झोपू द्या." चौथ्या दिवशी दूध भरून आले.

मी मग लेकीची माफी मागितली. ती हसली, म्हणाली, "आई, तू कुंडी उपटलीस ना, तेव्हाच मला कळलं तू किती घाबरली होतीस."

तेव्हा भगिनींनो, घरात बाळंतीण असेल तर "आमच्या वेळी" हे दोन शब्द गिळून टाका. यंदाचे बी मी पुड्या बांधून आणले आहे. जाताना दारापाशी एक-एक घ्या. आणि ज्या चौघींना मी पूर्वी ती शोभेची रोपे दिली, त्यांनी ती जरूर ठेवावी, ओसरीला छान दिसतात. पण मुळ्या मात्र कोणाला देऊ नयेत.