कावा : बिघडलेल्या घोड्याची नवी शिकवण



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानांत साहित्य, संगीत आणि नाट्य ह्यांच्या पंक्तीला आपण घोड्यालाही पाट मांडलात, ह्याबद्दल प्रथम मंडळाचे आभार मानतो. विषय आडवाटेचा वाटेल. परंतु कोलकात्यात मराठी माणसाने घोड्याविषयी बोलावे ह्यात नवल नाही. बंगालने मराठी माणूस ओळखला तो घोड्यावरून, आणि दुर्दैवाने भीतीने ओळखला. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली इकडे आली, तेव्हा ह्या शहराच्या रक्षणासाठी खंदक खणण्यास सुरुवात झाली. तोच मराठा खंदक. तो कधी पुरा झालाच नाही, आणि पुढे तो बुजवून त्याच्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. बंगाली मातांच्या तोंडचा ‘बर्गी’ म्हणजे आपला ‘बारगीर’. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्यास घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर.

त्या पागेतलाच एक शब्द आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत : कावा. ‘गनिमी कावा’ म्हटले की आपल्याला डावपेच आठवतात, आणि ‘कावेबाज’ ही तर उघड शिवीच. परंतु घोड्यास लांब दोरावर बांधून, आपण मध्ये उभे राहून, त्याला वर्तुळात फिरविणे हाही ह्या शब्दाचा जुना अर्थ आहे. घोड्याला कावा देणे म्हणजे त्याला शिकविणे. चाबूकस्वार नव्या घोड्याला चालणे, दुडकी, थांबणे आणि वळणे हे धडे असेच देत असे. पाठीवर ओझे नसल्याने घोडा तोल सावरण्यास शिकतो, आणि शिकविणाऱ्याला त्याची चाल समोर दिसते.

कोलकात्यात आजही घोडे पुष्कळ आहेत. घोडेस्वार पोलीस दल एकोणिसाव्या शतकापासूनचे आहे. मैदानावर फुटबॉलचा मोठा सामना असला की गर्दी आवरण्यास तेच पुढे येते. रॉयल कॅलकटा टर्फ क्लब १८४७ पासूनचा. व्हिक्टोरिया मेमोरियलसमोरच्या बग्ग्या तर आपल्या घरच्या पाहुण्यांनाही ठाऊक आहेत. घोड्याचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे असते. शर्यतीची उमेद मात्र बहुधा त्याच्या चौथ्या-पाचव्या-सहाव्या वर्षीच ओसरते. मग उरलेली वीस वर्षे कशी जावयाची? जो घोडा शांतपणे काम शिकतो त्याला दाणावैरण आणि छप्पर मिळते. जो ‘हाताबाहेर गेला’ असे ठरते, तो ह्या हातातून त्या हातात आणि शेवटी हलाखीत जातो. म्हणून कावा न घेणारा घोडा पुन्हा शिकतो की नाही, हा त्याच्या जन्माचा प्रश्न असतो.

अशा घोड्यांच्या तीन खोडी नेहमी पाहावयास मिळतात. एक, चालता चालता थांबून आत वळणे आणि माणसाकडे तोंड करून उभे राहणे. दुसरी, मान ताठ करून बाहेर वळणे आणि दोर हिसकावून उधळणे. तिसरी, एका बाजूने नीट फिरणे आणि दुसरीकडे मुळीच न जाणे. ह्यांना आपण खोडी म्हणतो. परंतु बहुतेक वेळा ती घोड्याची उत्तरे असतात. आधी प्रश्न कोणता होता ते पाहावे.

पहिला प्रश्न शरीराचा. पाठ दुखते का, दाताची धार गालाला लागते का, खूर किंवा सांधा सुजला आहे का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. आपल्या ह्या हवेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. उष्ण आणि दमट प्रदेशांत काही घोड्यांना घाम येणेच कमी होते किंवा बंद पडते. असा घोडा थोड्या श्रमाने धापा टाकतो, आणि लोक त्याला आळशी म्हणतात. पावसाळ्यात निसरड्या चिखलावर एकदा पाय घसरला, तरी त्या वर्तुळाची धास्ती घोड्याच्या मनात बसते.

दुसरा प्रश्न माणसाचा. कावा देताना आपण घोड्याच्या तंगाच्या रेषेत उभे राहावयाचे असते. एका हातातला दोर त्याच्या तोंडाकडे आणि दुसऱ्या हातातला चाबूक त्याच्या पुठ्ठ्याकडे. आपण त्याच्या खांद्यापुढे सरकलो की घोडा त्याचा अर्थ ‘थांब’ असा घेतो. मागे सरकलो की ‘चल’ असा. कित्येक हट्टी घोडे केवळ आज्ञाधारक असतात. माणूसच पायांनी ‘थांब’ आणि चाबकाने ‘चल’ म्हणत असतो. एकाच बाजूने फिरणाऱ्याचेही तसेच. आपण घोड्याला धरतो, नेतो आणि त्याच्यावर चढतो ते डावीकडून. उजवी बाजू त्याला अनोळखीच राहते.

तिसरा प्रश्न सवयीचा. घोड्याचे वजन साडेचारशे-पाचशे किलो. एकदा दोर हिसकावून सुटका झाली, की ती युक्ती तो विसरत नाही. येथे बळ उपयोगी नाही. धडा पहिल्यापासून घ्यावा लागतो. आधी दोर आखूड धरून, बरोबर चालत, चालणे आणि थांबणे शिकवावे. डावीकडून, तसेच उजवीकडून. शब्द ठरलेले असावेत आणि स्वर शांत. चाबकाला घाबरणाऱ्याच्या मानेवरून आणि खांद्यावरून तोच चाबूक हलक्या हाताने फिरवावा, म्हणजे त्याची भीती मोडते. मग कुंपणाच्या लहान जागेत हातभर, दोन हात असे अंतर वाढवीत जावे. घोडा आत वळत असेल, तर दुसऱ्या माणसाने बाहेरच्या बाजूने त्याला धरून चालावे. हातमोजे घालावेत, दोर हाताला कधीही गुंडाळू नये. सात-आठ मीटरचा पुरा दोर सोडावयाचा तो सर्वांत शेवटी. लहान वर्तुळ सांध्यांना जाचते, म्हणून एकूण पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि तीही सकाळच्या गारव्यात. घोड्याने बरोबर केले की ताण तत्क्षणी सोडावा, आणि चांगल्या क्षणीच धडा संपवावा.

ग्रीक सेनानी झेनोफन ह्याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोड्यावर ग्रंथ लिहिला. घोड्याशी रागाने वागू नये, हे त्याने त्यात निक्षून सांगितले आहे. रागाचा धडा घोडा शिकतो, पण तो रागच शिकतो. त्याला फसविलेलेही चालत नाही. दाणा दाखवून पकडले आणि दाणा दिला नाही, तर दुसऱ्या दिवशी तो येणार नाही. कावा शिकविताना कावेबाजपणा उपयोगाचा नाही.

ज्या शहरात आपल्या घोड्यांच्या भीतीने खंदक खणला गेला, त्याच शहरात आपण आज घरे बांधून, मुलेबाळे वाढवून, शेजाऱ्यांशी जिव्हाळ्याने राहत आहोत. गेलेला विश्वास परत येण्यास वेळ लागतो, पण तो येतो. मैदानाच्या कडेने जाताना एखादा घोडा दोरावर फिरताना दिसला, तर मुलांना घेऊन जरा थांबा. वर्तुळात फिरणाऱ्या घोड्याबरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाकडेही पाहा. आणि आपल्या भाषेत ह्या शिकवणीला काय म्हणतात, तेही मुलांना सांगा.