दाब वाढवण्याआधी गळती शोधा

(बडनेरा येथील एका कुटुंबमेळाव्यातील आरोग्यविषयक सत्रात सेवानिवृत्त रेल्वे गार्डने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. मालगाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये उभा राहून माझे आयुष्य गेले. 2022 पासून या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. मी मात्र गार्ड म्हणूनच निवृत्त झालो. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. एक रुग्ण म्हणून जे भोगले आणि त्यातून जे शिकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे. आपले बडनेरा हे जंक्शन. येथे घराघरांत रात्रपाळी ठाऊक आहे, अपुरी झोप ठाऊक आहे. म्हणूनच हा विषय येथे बोलला गेला पाहिजे असे मला वाटते.

घोरणे म्हणजे सुखाची झोप नव्हे

आपल्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय आहे. 'काय निश्चिंत झोपलाय पाहा,' असे आपण कौतुकाने म्हणतो. माझ्या घरीही वर्षानुवर्षे तेच चालले होते. एके दिवशी सकाळी चहा देताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही रात्री घोरता घोरता श्वासच घेत नाई. मले भेव लागते." मी हसून विषय टाळला. पुढे मला कळले की, त्या माउलीने कित्येक रात्री माझ्या छातीवर हात ठेवून जागून काढल्या होत्या.

या विकाराला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. छाती श्वास ओढण्याची धडपड करते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा होतो, एक मोठा हुंकार येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी रुग्णाला यातले काहीही आठवत नाही. किमान दहा सेकंद श्वास थांबला किंवा फार मंदावला, तर तो एक प्रसंग मोजतात. तासाला असे पाच ते पंधरा प्रसंग घडले तर विकार सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र. माझी तपासणी झाली तेव्हा हा आकडा एकेचाळीस निघाला. म्हणजे सरासरी दर दीड मिनिटाला एकदा!

हा विकार दुर्मीळ असेल, असा समज कृपया करून घेऊ नका. मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध केले. अडीचशे जणांची झोपेची तपासणी त्यात झाली होती. सुमारे 19.5 टक्के पुरुषांत झोपेतील श्वसनाचा बिघाड आढळला आणि 7.5 टक्के पुरुषांत त्यासोबत दिवसा झोप अनावर होण्याचा त्रासही होता. रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा हे नाव अनेक घरांनी पहिल्यांदा ऐकले.

रेल्वेच्या माणसाने तर एक घटना कायम ध्यानात ठेवावी. 1 डिसेंबर 2013 रोजी न्यूयॉर्कमध्ये एक प्रवासी गाडी ताशी 30 मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर 82 मैलांच्या वेगाने शिरली आणि रुळांवरून घसरली. चार माणसे गेली. चालकाला झापड आली होती. त्याला तीव्र श्वासरोध असल्याचे अपघातानंतरच्या तपासणीत निष्पन्न झाले. तोवर त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

हवेचा टेकू

या विकारावरचा सर्वांत परिचित उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते शोधले आणि पाच रुग्णांवरील प्रयोगाचा वृत्तान्त 1981 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. तोपर्यंत तीव्र विकारावर खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे. सुलिव्हन यांनी हवा फुंकणाऱ्या मोटारीला नळी जोडली आणि नाकावाटे सतत दाबाची हवा दिली. त्या हवेने घशाची वाट उघडी राहिली. तंबूला आतून टेकू द्यावा, तसा हा हवेचा टेकू आहे. त्या आरंभीच्या काळात मास्क दर रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. मास्क नीट बसवण्याची अडचण या उपचाराच्या जन्मापासूनचीच आहे, हे त्यावरून दिसते.

हा दाब किती असतो? यंत्राचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात आणि तो साधारणपणे 4 ते 20 या मर्यादेत असतो. आमच्या मालगाडीच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब असतो. पाण्याच्या भाषेत हा दाब पाच हजार सेंटिमीटर होतो. म्हणजे 10 सेंटिमीटरवर चालणारे सीपॅप यंत्र ब्रेक पाइपच्या पाचशेव्या हिश्शाइतकाच दाब देते. फुप्फुस फाटेल की काय ही भीती मलाही होती. हा हिशेब केल्यावर ती गेली.

माझी चूक

यंत्र घरी आले तेव्हा मला वाटले, आता सगळे संपले. पैसे भरले, उपचार झाला! विक्रेत्याच्या माणसाने मला खुर्चीवर बसवून पाच मिनिटांत मास्क दाखवला आणि तो निघून गेला. रात्री आडवा झालो, तर हवा थेट डोळ्यांत. मी पट्टे आवळले. हवा दुसरीकडून सुटू लागली. आणखी आवळले. आठवड्याभरात नाकाच्या दांडीवर जखम झाली, डोळे लाल झाले, सकाळी तोंडाला कोरड पडू लागली. 'हा दाब मला सोसवत नाही,' असे जाहीर करून मी यंत्र कपाटावर ठेवून दिले. ते चार महिने तेथेच धूळ खात राहिले.

एका दुपारी नातवाला मागे बसवून अमरावतीहून बडनेऱ्याला येत होतो. दहा किलोमीटरांचा रोजचा रस्ता. मध्ये केव्हा डोळा लागला, ते मला कळले नाही. "आबा!" एवढीच किंकाळी ऐकू आली. गाडी डांबर सोडून मुरमावर गेली होती आणि समोर झाड होते. कसाबसा ब्रेक लागला. पोराला खरचटलेदेखील नाही. पण त्या रात्री मला जेवण गेले नाही. सौभाग्यवतींनी मला दोषाचा एक शब्दही ऐकवला नाही. कपाटावरचे यंत्र खाली काढले, पुसले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी यंत्रातील नोंद पाहिली आणि म्हणाले, "दाबाची तक्रार नंतर पाहू. तुमची हवा आधी गळते आहे."

बंधूंनो, त्या वाक्याने मी खजील झालो. कारण हीच गोष्ट मी नोकरीभर पाळत आलो होतो. ब्रेकव्हॅनमधील गेजवर दाब कमी दिसला, तर आम्ही ड्रायव्हरला 'आणखी हवा भर' असे सांगत नाही. गाडीच्या कडेने चालत जातो, प्रत्येक होज पाइपपाशी कान देतो आणि फुसफुस कोठून येते ते शोधतो. गळती बंद झाली की दाब आपोआप भरतो. स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र मला हे सुचले नाही.

मास्क बसवण्याची रीत

माझा मास्क एक माप मोठा होता आणि त्याची कड मिशीवर टेकत होती. मोठा मास्क आवळून लहान होत नाही, हे मला तेव्हा कळले. मास्कचे मुख्यतः तीन प्रकार आहेत: केवळ नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाक मोकळे असणाऱ्याला पहिले दोन सोयीचे पडतात. नाक नेहमी चोंदत असेल किंवा झोपेत तोंड उघडे पडत असेल, तर आधी नाकावर उपचार करून घ्यावेत; तरीही न जमल्यास तिसरा प्रकार आहे.

मास्क बसून नव्हे, नेहमी झोपता त्या स्थितीत आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून बसवावा. आडवे झाल्यावर गालांचे मांस सरकते, त्यामुळे बसून घेतलेले माप चुकते. पट्टे आधी सैल ठेवावेत. हवा सुरू झाली की मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवावा, म्हणजे त्याची मऊ गादी फुगून नीट बसते. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे ओढावेत. पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. रात्री तोंड धुऊन झोपावे, चेहऱ्याला तेल किंवा मलम लावू नये. गादी रोज सौम्य साबणाने धुवावी आणि ती कडक पडली की बदलावी. मिशी राखायची असेल तर तिच्यावर न टेकणारा मास्क निवडावा. मी मिशी काढली. घरात त्यावर बराच विनोद झाला.

मास्कवर काही बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास त्यांतून बाहेर जातो. ती गळती समजून बुजवू नयेत. तसेच काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाने आणि त्याच्याशेजारी झोपणाऱ्यानेही याबाबत डॉक्टरांना आधी विचारावे.

दाबाचा निर्णय कोणाचा?

दाब डॉक्टरांनीच ठरवावा. तो कमी पडला तर घोरणे आणि श्वास थांबणे चालूच राहते. अधिक झाला तर गळती वाढते, हवा पोटात जाऊन पोट फुगते आणि काही रुग्णांत श्वास थांबण्याचा वेगळाच प्रकार सुरू होऊ शकतो. शेजाऱ्याचा आकडा आपल्या यंत्रावर लावणे म्हणजे त्याच्या चष्म्याने वाचणे होय. सुरुवातीला दाब जाचत असेल, तर तो हळूहळू चढवण्याची आणि श्वास सोडताना थोडा उतरवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते; ती सुरू करून घ्यावी. दिवसा जागेपणी, वाचताना किंवा दूरदर्शन पाहताना अर्धा-एक तास मास्क लावून बसण्याचा सराव मला फार उपयोगी पडला. वजन बरेच घटले किंवा वाढले, तर दाबाची फेरतपासणी करून घ्यावी. वजन उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे. पण तोवर यंत्र सोडू नये.

आपल्या वऱ्हाडातील अडचणी

आपला उन्हाळा कोरडा. नाक सुकते, नाक चोंदते आणि मग तोंड उघडे पडते. यंत्राच्या पाण्याच्या भांड्याने हवेला ओलावा मिळतो. त्यात औषधाच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटरच घालावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे पाणी त्यात घातले, तर काही दिवसांत क्षारांचा थर बसेल. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून भांडे कोरडे करावे. हिवाळ्यात नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला, तर ओलावा थोडा कमी करावा आणि नळी पांघरुणाखालून घ्यावी. धूळ आणि कापसाचे तंतू यांमुळे आपल्याकडे यंत्राची जाळी लवकर भरते. ती वरचेवर पाहावी. वीज गेली तर घाबरू नये, मास्क काढून ठेवावा. इन्व्हर्टरवर यंत्र चालवताना पाणी तापवणे बंद ठेवले, तर बॅटरी अधिक पुरते.

घरच्यांना विनंती

शेवटची विनंती माता-भगिनींना आणि घरातील तरुणांना. हा विकार रुग्णाला दिसत नाही, तो शेजारी झोपणाऱ्याला दिसतो. घोरणे मध्येच थांबून हुंकार येत असेल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर थट्टा न करता तपासणी करून घ्या. यंत्र आले असेल तर पहिला महिना त्या माणसाला एकटे सोडू नका. हवा कोठून सुटते हे त्याला कळत नाही. आपला हात फिरवून पाहिला की कळते. आणि ज्यांचे यंत्र माझ्यासारखे कपाटावर पडले आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ते खाली काढावे, पुसावे आणि मास्कसह डॉक्टरांकडे न्यावे. यंत्र रात्रभर लावा. पहाटेच्या झोपेत श्वास अधिक अडतो, तेव्हाच ते काढून ठेवू नका.

आज आमच्या घरी रात्री यंत्राची मंद सळसळ असते. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, पहिले काही दिवस त्या शांततेमुळेच त्यांना झोप येत नव्हती. आता दोघांनाही येते. नातू पुन्हा माझ्या मागे बसून अमरावतीला येतो.