तळटीप आकड्याबरोबर गेली पाहिजे

(मंचाच्या सभेत झालेल्या भाषणाचा लेखी गोषवारा)



"आकड्यांच्या दर्जाची माहिती प्रोग्रॅममधून सांभाळणे" हा विषय जाहीर झाल्यावर काहींनी घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या लक्षात आलं. म्हणून सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेसाठी मी भारतातल्या दारिद्र्याचा एक आलेख केला होता. तीनच बिंदू. दारिद्र्यरेषेखालचे लोक १९९३-९४ मध्ये ३६ टक्के, १९९९-२००० मध्ये २६.१ टक्के आणि २००४-०५ मध्ये २७.५ टक्के. तिन्ही आकडे नियोजन आयोगाचे, राष्ट्रीय नमुना पाहणीवर आधारलेले. आधी दारिद्र्य झपाट्याने उतरलं आणि मग पुन्हा चढू लागलं, असं आलेख सांगत होता. आर्थिक सुधारणांबद्दलच्या माझ्या मताशी ते छान जुळत होतं. मी आलेख दाखवला, चर्चा रंगली, नंतर चार मित्रांना ईमेलही केला.

आलेख चूक होता. आकडे खरे होते, पण ते एका रेघेत बसणारे नव्हते.

नमुना पाहणीत घरोघरी जाऊन खर्च विचारतात. "गेल्या ३० दिवसांत किती तांदूळ लागला?" असं विचारलं तर एक उत्तर येतं. "गेल्या ७ दिवसांत?" असं विचारून महिन्याचा हिशेब केला तर खर्च सहसा जास्त निघतो, कारण जवळचं जास्त आठवतं. आणि खर्च जास्त दिसला की ते घर कागदावर दारिद्र्यरेषेच्या वर जातं. १९९३-९४ च्या आकड्यामागे सगळ्या वस्तूंसाठी ३० दिवसांचा प्रश्न होता. १९९९-२००० च्या पाहणीत खाद्यपदार्थांसाठी ७ आणि ३० दिवसांचे दोन्ही प्रश्न एकाच घरात शेजारी शेजारी विचारले गेले. कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी मात्र वर्षाचा खर्च विचारला. या बदलावर अर्थतज्ज्ञांत इतका वाद झाला की अँगस डीटन आणि व्हॅलरी कोझेल यांनी २००५ मध्ये त्यावरच्या लेखांचं एक जाडजूड पुस्तक संपादित केलं.

म्हणून २००४-०५ साठी आयोगाने दोन आकडे दिले. सरसकट ३० दिवसांच्या पद्धतीने २७.५ टक्के आणि मिश्र पद्धतीने २१.८ टक्के. पहिला १९९३-९४ शी ताडायचा, दुसरा साधारणपणे १९९९-२००० शी. म्हणजे ३६ वरून २७.५, किंवा २६.१ वरून २१.८. दोन्हीकडे घटच आहे. वाढ फक्त माझ्या आलेखात होती.

हे सगळं अहवालांत छापलेलं होतं. मग माझ्यापर्यंत का आलं नाही? कारण मी आकडा एक्सेलमध्ये उतरवला आणि तळटीप पीडीएफमध्येच राहिली. आकडे कॉपी होतात, तळटिपा होत नाहीत.

उपाय साधा आहे, पण त्याला शिस्त लागते. तळटीप माणसासाठी लिहिलेलं वाक्य म्हणून न ठेवता आकड्याच्या शेजारच्या रकान्यात, ठरलेल्या शब्दांत लिहायची. कोणी मोजलं, कधी मोजलं, किती दिवसांचा खर्च विचारला, आकडा अंतिम की हंगामी. युरोस्टॅट हे वर्षानुवर्षं करतं. तिथे आकड्याला चिकटलेलं 'बी' हे अक्षर सांगतं की इथे मालिका तुटली आहे, 'पी' म्हणजे हंगामी, 'ई' म्हणजे अंदाज. एसडीएमएक्स नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही त्यासाठी आहे. २००१ मध्ये जागतिक बँक, नाणेनिधी, संयुक्त राष्ट्रं आदी सात संस्थांनी त्या कामाला सुरुवात केली.

यापुढचं काम प्रोग्रॅमचं. दोन आकड्यांची वजाबाकी करण्याआधी त्याने पद्धतीचा रकाना पाहायचा. एकात "३० दिवस" आणि दुसऱ्यात "मिश्र" असेल तर थांबायचं. असा नियम लिहायला पाचसहा ओळी पुरतात. तो माझ्याकडे असता तर माझा आलेख निघालाच नसता. नियम मोडायची मुभा असावी, पण कारण आणि नाव लिहून. ही फाईल गिटमध्ये ठेवली की कोणी, कधी, काय बदललं याची नोंद आपोआप राहते.

प्रोग्रॅम फक्त लिहिलेलंच तपासतो, हे मात्र विसरू नका. न लिहिलेलं त्याला दिसत नाही. नोंद प्रामाणिकपणे करणारा माणूस लागतोच.

आपल्या मंचाला याच्याशी काय देणंघेणं? वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, तोही नमुना पाहणीच्या आकड्यांवरच उभा होता. ते आकडे हे लोकशाहीतलं सामान्य माणसाचं हत्यार आहे. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निष्कर्ष सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये दर्जाचं कारण देऊन प्रसिद्ध करायचं नाकारलं. दर्जाबद्दल शंका असू शकते. पण मग आकडे द्या आणि शंका त्यांच्या शेजारच्या रकान्यात लिहा. लोक पारखून घेतील. पुढची पाहणी २०२२-२३ ची. तिच्यात एका भेटीऐवजी तीन भेटी झाल्या आणि वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली. २०११-१२ शी तिची थेट तुलना करणारे आलेख सध्या सर्रास फिरतात. काही सरकारची बाजू घेणारे, काही आपल्या बाजूचे.

माझा आलेख चुकला तो गणितात नव्हे. निष्कर्ष आवडता होता, म्हणून मी तपासला नाही. तेव्हा माझी एक विनंती आहे. मंचाच्या ईमेलमध्ये आणि आपण मदत करतो त्या संस्थांच्या अहवालांत प्रत्येक आकड्याशेजारी चार रकाने असू द्या: कोणी मोजलं, कधी मोजलं, कसं विचारलं, कशाशी ताडता येईल. फाईलचा नमुना आणि ते छोटे नियम मी तयार केले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी कळवावं, पाठवतो. आणि माझा तो जुना आलेख कोणाच्या इनबॉक्समध्ये अजून असेल, तर कृपया पुढे पाठवू नका!